घरी येऊन फिजिओथेरपी: गावागावात मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझा दवाखाना म्हणजे माझी स्कूटी. वर्धा नदीच्या अलीकडं-पलीकडं देवळी, पुलगाव, कळंब, राळेगाव या पट्ट्यातल्या खेड्यांत घरी जाऊन व्यायाम शिकवते. लकवा झालेले, सेरेब्रल पाल्सीची (लहानपणीच मेंदूला इजा झाल्यानं हातपाय नीट न चालणारी) लेकरं, मणक्याला मार लागून कमरेखालून गेलेले, पाय कापलेले, जुने पोलिओवाले, सगळे. फोनवर आणि ओसरीत बसल्या बसल्या तेच तेच प्रश्न येतात, गाडीवर असली की मला बोलता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकलं. क्रम काही लावलेला नाही. तुमच्या घरी ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा.

मॅडम, तुम्ही रोज येणार ना?

नाही. आठवड्यातून दोनदा आली तरी माझा वेळ होतो दीड तास, आणि आठवड्याचे तास असतात १६८. बाकीचे सगळे तास पेशंट तुमच्याजवळ असतो. त्यामुळं माझं खरं काम पेशंटचे हातपाय हलवून देणं नाही, घरातल्या कोणाला तरी शिकवून जाणं आहे. सुरवातीचे दोन-तीन आठवडे मी जास्त वेळा येते, मग आठवड्यातून एकदा, मग पंधरा दिवसांनी. पैसेही कमी लागतात तुमचे. एखादा थेरपिस्ट वर्षभर रोज येतो आणि घरच्यांना काहीच शिकवत नाही असं असेल तर त्याला स्पष्ट विचारा बाप्पा, की आम्हाला कधी शिकवता.

किती व्यायाम करावे लागतीन?

नवीन होते तेव्हा मी एका घरी अकरा व्यायामांचा छापील कागद देऊन आली होती, चित्रांसकट, दिवसातून तीनदा वगैरे. तीन आठवड्यांनी गेली तर कागद देव्हाऱ्याच्या बाजूला भिंतीला चिकटवलेला, त्यावर हळदकुंकू वाहिलेलं, आणि व्यायाम एकही झालेला नव्हता. चूक माझीच होती. घरातली बाई पहाटे चार वाजता उठते, पाणी भरते, डबे करते, आठला कापूस वेचायला जाते, ती अकरा व्यायाम कधी घेणार? तेव्हापासून मी एका वेळी तीनच देते आणि ते तिन्ही घरात आधीच चालू असलेल्या कुठल्यातरी कामाला बांधून देते. चहा आला की पाच वेळा उठून बसायचं आणि मगच कप हातात घ्यायचा. जेवणाचं ताट समोर आलं की लकव्याचा हात मांडीवर न ठेवता ताटाजवळ टेकवून ठेवायचा, उजव्या हातानं जेवत असला तरी. असं.

मोजायचं कसं असं विचारतात. चिंचोके घ्या. एका वाटीतून दुसऱ्या वाटीत एक एक टाकायचा, तोही शक्य असेल तर कमजोर हातानं. मोजणंही झालं आणि बोटांचा व्यायामही झाला.

पण पेशंट चालन का? खरं सांगा.

सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि पहिल्याच भेटीत येतो, बहुतेक वेळा पेशंटसमोरच.

लकव्यात पहिले तीन ते सहा महिने सुधारणा सगळ्यात वेगानं होते. म्हणून "आधी अशक्तपणा जाऊ द्या, मग पाहू" असं म्हणून दोन महिने बाजेवर झोपवून ठेवणं हे फार मोठं नुकसान आहे. सहा महिन्यांनंतर सगळं संपलं असंही नाही, वेग कमी होतो पण वर्षभरानंतरही काम करणाऱ्याला फरक पडलेला मी पाहिलाय. सेरेब्रल पाल्सीच्या लेकराचं वेगळं असते. ढोबळमानानं, लेकरू दोन वर्षांचं होईपर्यंत आधाराशिवाय बसायला लागलं तर पुढं चालायची शक्यता चांगली. मान धरत नसेल तर आपण चालण्याच्या मागे न लागता बसवणं, गिळणं, हात वापरणं यावर जोर देतो. मणक्याची नस पूर्ण तुटली असेल तर व्यायामानं ती जुळत नाही, पण दोन हातांच्या ताकदीवर माणूस बाजेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून संडासात स्वतः जाऊ शकतो, आणि कोणाला आवाज न देता संडासात जाता येणं म्हणजे काय असते ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा.

मी उलटा प्रश्न विचारते: तुम्हाला काय करायचंय? एका आबाजींना विचारलं तर ते घरच्यांकडं न बघता बोलले, "मले पानठेल्यावर जाऊन बसाचं हाय." घरच्यांना वाटत होतं त्यांनी मंदिरात जावं. आम्ही पानठेला धरला. दारापासून मोजले तर १४० पावलं, मधात एक ओटा. मग काम कळलं: बाजेवरून हाताचा आधार न घेता उठणं, दोन मिनिटं उभं राहणं, ओट्यापर्यंत जाणं, ओट्यावर बसणं, परत उठणं. ओट्यावरून उठणं सगळ्यात जड गेलं कारण तो बुटका होता. साडेचार महिन्यांनी ते पानठेल्यावर बसून मला हात करत होते, आणि मी गाडी थांबवून खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खाऊ नका म्हणून ओरडली तो भाग वेगळा.

तुम्ही मशीन आणत नाही का? आमच्या साळ्याकडं येते तो करंटची मशीन लावते.

हा प्रश्न म्हणजे माझी दुखती नस आहे. लोकांना मशीन दिसली की इलाज झाला असं वाटते. करंटच्या मशीनचा उपयोग आहे, दुखणं कमी करायला किंवा लकव्यात मनगट, पाऊल उचलायला शिकवताना, पण ती लावलेली असताना पेशंटनं स्वतः हालचाल करायचा प्रयत्न करावा लागतो. नुसते वायर लावून बाजेवर पडून मोबाइल पाहायचा तर फायदा मशीनवाल्याचा. मेंदू पुन्हा शिकतो तो करून करून. लहानपणी सायकल शिकलो तशीच गोष्ट आहे, दुसऱ्यानं पॅडल मारून आपल्याला येत नाही.

मग मालिश? टोरीचं (मोहाच्या बियांचं) तेल, जवसाचं तेल?

करा, माझी काही हरकत नाही. अंगाला बरं वाटते, आणि आजीनं नातवाच्या पायाला हात लावला तर दोघांनाही चांगलंच. पण मालिश म्हणजे व्यायाम नव्हे, मालिशनं ताकद येत नाही. लेकराचे कडक पाय "मोकळे करायचे" म्हणून जोर लावून ओढायचे नाहीत, झटका दिला की स्नायू आणखी कडक होतो. सावकाश ताण द्यायचा, तिथंच धरून ठेवायचा, लेकरू रडत असेल तर तुम्ही जास्त ओढून राहिले.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. खूप दिवस झोपून असलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर तिला मालिश बिलकूल करायची नाही. आत रक्ताची गाठ असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. सरळ दवाखाना.

गावात एक बुढा नस बसवते, त्याच्याकडं नेलं तर?

लकवा नस चढल्यामुळं होत नाही, मेंदूचा रक्तपुरवठा बंद झाल्यानं किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्यानं होतो. तोंड वाकडं, एक हात पडला, बोलणं अडखळलं की बुढ्याकडं जाण्यात वेळ घालवायचा नाही, सीटी स्कॅन असलेला दवाखाना गाठायचा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. खेड्यातून तालुका आणि तालुक्यातून सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूर, यात तास कसे जातात ते तुम्हाला माहीत आहे.

लकव्याचा हात खांद्यातून निखळल्यासारखा लोंबते, दुखतेही. काय करावं?

यातलं बरंच दुखणं आपणच तयार करतो हो. पेशंटला उठवताना त्याच कमजोर हाताला धरून ओढतात, काखेत हात घालून उचलतात. खांद्याभोवतीचे स्नायू झोपलेले असतात, सांधा फक्त कातडी आणि अस्तराच्या भरवशावर लटकलेला असतो, त्यात ओढलं की संपलं. दोरी-पुली लावून चांगल्या हातानं कमजोर हात वर ओढायचा व्यायाम अजूनही बरेच ठिकाणी सांगतात, तो मी देत नाही, खांदा आणखी दुखतो.

बसताना हात मांडीवरच्या उशीवर ठेवा. झोपताना त्या बाजूच्या खांद्याखाली घडी केलेलं गोधडीचं टोक. उठवताना कमरेला धरा, त्यासाठी नवारची रुंद पट्टी किंवा जुन्या लुगड्याची चौघडी कमरेला बांधली की छान पकड मिळते. आणि बोटांना थोडी जरी हालचाल असली तर हातात काम द्या. हिवाळ्यात ओल्या तुरीच्या शेंगा सोलणं, बोंडातून कापूस काढणं यासारखा हाताचा व्यायाम मला कुठल्या पुस्तकात मिळाला नाही. एक काकू आधी अर्ध्या तासात पाच बोंडं काढायच्या आणि सरकी खाली सांडायची, नंतर नंतर टोपली भरायला लागली तर त्यांचा मुलगा म्हणे आई, मजुरी लावू का तुला.

बाजेवर व्यायाम चालते का?

नाही चालत. बाज सुतळीची असो की नवारची, मधात खड्डा पडतो, माणूस त्यात रुतून बसतो, गुडघे वर येतात, उठायला जागाच राहत नाही. तख्त घ्या, नाहीतर बाजेवर जाड फळी टाका. उंची अशी पाहिजे की कडेला बसल्यावर पाय पूर्ण जमिनीला टेकतील आणि गुडघ्यात काटकोन होईल. कमी पडत असेल तर खुरांखाली विटा लावा, विटा डगडग करत नाहीत ना ते आधी स्वतः बसून पाहा.

माझं पोट्टं बारा वर्षाचं झालं, अजून उचलूनच न्या लागते. माझी कंबर गेली.

या प्रश्नावर मी दोन मिनिटं गप्प बसते कारण विचारणाऱ्या बाईला आजपर्यंत कोणी तिच्या कंबरेबद्दल विचारलेलंच नसते. सगळे पोराबद्दल विचारतात.

पहिली गोष्ट, उचलणं जितकं कमी करता येईल तितकं. खाटेवरून खुर्चीत नेताना उचलण्याऐवजी सरकवायचं: दोन्हीची उंची सारखी, मधात गुळगुळीत फळी, खाली निसटतं कापड. लेकराला स्वतः थोडा जोर लावायला सांगायचा, तेवढाच त्याचा व्यायाम. उचलावंच लागलं तर कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून खाली बसून लेकरू छातीला चिकटवून घ्यायचं आणि उचलल्यावर अंग पिळायचं नाही, पाय फिरवायचे. दुसरी गोष्ट, मी येईन तेव्हा दहा मिनिटं तुमच्या कंबरेचे व्यायाम पण दाखवते, त्याचे पैसे वेगळे नाहीत. तिसरं म्हणजे बाप कुठं आहे? तो ओसरीत बसून ऐकत असेल तर त्याला आत बोलवा. मी तरी बोलावते.

पाठीला, बुडाला जखमा होऊन रायल्या.

कमरेखाली संवेदना नसलेल्या माणसाला हा व्यायामाच्याही आधीचा विषय. झोपून असेल तर दर दोन तासांनी कूस बदला, रात्री पण, मोबाइलमध्ये अलार्म लावा, पाळी वाटून घ्या. खुर्चीत बसत असेल तर दर पंधरा ते तीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड उचलायचं किंवा एका बाजूला चांगलं झुकायचं. लाल चट्टा दिसला आणि अर्ध्या तासात गेला नाही तर त्या जागेवर भार देणं बंद. मधात भोक असलेली गोल रिंग काही लोक मेडिकलमधून आणतात, ती नका वापरू, कडेनं दाब पडून मधला रक्तपुरवठा आणखी कमी होतो.

जखमेवर हळद, राख, टूथपेस्ट लावलेली मी पाहिली आहे. काही लावू नका, डॉक्टरला दाखवा.

आणखी एक, मणका वरच्या बाजूला, छातीच्या किंवा मानेच्या लेव्हलला गेलेला असेल आणि अचानक खूप डोकं दुखून घाम, चेहरा लाल असं झालं तर त्याला ताबडतोब बसतं करा आणि लघवीची नळी कुठं दुमडली किंवा चोंदली का पाहा. बीपी भयंकर वाढलेलं असते तेव्हा. नळी मोकळी करूनही लगेच उतरलं नाही तर दवाखान्यात.

गरम विटेनं, वाळूच्या पोटलीनं शेकलं तर चालते का?

ज्या भागाला गरम-थंड कळते तिथं चालते. ज्या भागाला कळत नाही तिथं कधीच नाही. पॅराप्लेजिया (कमरेखालून गेलेले), कुष्ठरोगातून बरे झालेले जुने पेशंट, बरीच वर्षं शुगर असलेले, यांची कातडी भाजते आणि त्यांना फोड आल्यावर कळते. शेकायचंच असेल तर आधी चांगली संवेदना असलेल्या माणसानं आपल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं.

उन्हाळ्यात बंद ठेवायचे का व्यायाम?

बंद नाही, वेळ बदला. आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो, दुपारी टिनाच्या खोलीत व्यायाम म्हणजे वेडेपणा. पहाटे सहा-सात, नाहीतर दिवस बुडाल्यावर अंगणात. वरच्या लेव्हलला मणका गेलेल्या माणसाला दुखापतीच्या खाली घामच नीट येत नाही, म्हणजे अंग थंड करायची सोयच बंद, नुसत्या पंख्यानं भागत नाही. अंगावर ओला दुपट्टा ठेवा, पाणी शिंपडा. घाम आला नाही म्हणजे गरम होत नाही असं समजू नका.

सिकलसेलच्या पोराला व्यायाम चालते का?

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. आपल्या विदर्भात हा प्रश्न असणारच, आणि कायद्यानं सिकलसेल हे अपंगत्वच आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांमध्ये ते आहे. चालते, पण दमेपर्यंत नाही. थोडं करायचं, थांबायचं, पाणी प्यायचं, परत थोडं. उन्हात नको आणि कडाक्याच्या थंडीत पण नको, आणि दुखऱ्या जागेवर बर्फ तर लावायचाच नाही, थंडीनं रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं भडकते. दुखण्याची लाट आली असेल किंवा ताप असेल तर व्यायाम सोडून दवाखाना. पोरगं लंगडायला लागलं, मांडीच्या सांध्यात दुखते म्हणायला लागलं तर एक्स-रे करा, खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा जाऊन हाड झिजू शकते. तिथं उड्या मारायचा व्यायाम दिला तर नुकसान, म्हणून निदान आधी.

लहानपणी पोलिओ झाला होता, आता पन्नाशीत चांगला पायही थकून रायला. जास्त व्यायाम करू का?

उलट कमी. भारतात पोलिओचा शेवटचा पेशंट जानेवारी २०११ मधला, पण त्याआधीचे लाखो लोक आहेत आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना चाळीस-पन्नाशीत नवीन कमजोरी, थकवा, दुखणं सुरू होते. इतकी वर्षं जे स्नायू दुप्पट काम करत आले ते आता थकतात. यांना जिममधल्या पोरासारखं दामटलं तर वाईट होते. हलका व्यायाम, मधात आराम, कामाची वाटणी, काठी घ्यायची लाज सोडणं. काठीवरून मामाजी लोक माझ्याशी खूप भांडतात. मस्क्युलर डिस्ट्रॉफीच्या (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणाऱ्या आजाराच्या) पोरांचंही असंच, दुसऱ्या दिवशी अंग दुखत असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं.

पाय कापला आहे, नकली पाय लावायच्या आधी काय करायचं?

गुडघ्याखाली उशी ठेवू नका. सगळे ठेवतात, बरं वाटते म्हणून, आणि गुडघा वाकलेलाच राहून जातो, मग पाय बसत नाही. दिवसातून दोन-तीनदा पंधरा-वीस मिनिटं पालथं झोपा. उरलेल्या भागाला पट्टी बांधायची ती खालून घट्ट आणि वर सैल होत जाईल अशी, मी दाखवून देते. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास तयार झाला तो आपल्यासारख्यांसाठीच, त्यात पाऊल वाकते, उकिडवं बसता येते, अनवाणी चिखलात शेतात जाता येते. कॅम्पमध्ये माप देताना मी शेतकरी आहे, बांधावरून चालावं लागते हे मुद्दाम सांगा.

व्यायामाचं सामान विकत आणावं लागन का?

बहुतेक नाही. चालायचा सराव करायला अंगणात दोन समांतर बांबू रोवून घ्या, उंची उभ्या माणसाच्या मनगटाएवढी, गुळगुळीत तासलेले. लेकराला बसवायला कोपऱ्याची खुर्ची (पाठीला दोन्ही बाजूंनी आधार असलेली) गावचा सुतार एका दिवसात करतो, माप मी देते. वजन म्हणून मोज्यात भरलेली वाळू. संडासासाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीला भोक पाडतात, ती फाटते आणि माणूस पडतो, त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी स्टूल करून घ्या आणि भिंतीला पाइपचा दांडा लावा. रॅम्प करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते, मिस्त्री म्हणन चार फुटात बसवतो, बसवू देऊ नका, त्यावरून खुर्ची ढकलता येत नाही आणि उतरताना सुटते. उंबरठा फोडायचा नाही असं घरचे म्हणतात, नका फोडू, दोन्ही बाजूंनी उताराच्या फळ्या टाका.

फुकट किंवा सरकारी काही आहे का?

आहे, फक्त पायपीट आहे. शून्य ते अठरा वर्षांपर्यंतच्या लेकरांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीमध्ये (लेकरांच्या तपासणी-उपचाराच्या केंद्रात) पाठवतात, तिथं फिजिओथेरपी असते. शाळेच्या वयाचं लेकरू घरीच असेल तर समग्र शिक्षा या सरकारी शाळा योजनेतून विशेष शिक्षक घरी येऊ शकतात, गटसाधन केंद्रात विचारा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व, बहुविकलांगता यासाठी निरामय नावाचा सरकारी आरोग्य विमा आहे, वर्षाला १ लाखापर्यंत, आणि त्यात ओपीडीतली थेरपी पण बसते, हे फार कमी घरांना माहीत आहे. व्हीलचेअर, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), तीनचाकी सायकल सरकारच्या एडिप योजनेच्या कॅम्पमध्ये मिळते. तिथं मिळेल ती खुर्ची घेऊन येऊ नका, बसून पाहा, पाय टेकतात का, बाजूला किती जागा राहते. नागपूरला सीआरसी (दिव्यांगांसाठीचं सरकारी केंद्र) आहे, तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजला फिजिओथेरपी आहे.

यातल्या बऱ्याच गोष्टींसाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागते. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग ठरलेल्या दिवशी रुग्णालयात तपासणी. अपंगत्व ४० टक्के किंवा वर आलं की बऱ्याच सवलती सुरू होतात. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उठून विचारा की यावर्षीचे कुठं गेले. मी एका गावात विचारायला लावलं तर पुढच्या महिन्यात माझ्याच पेशंटच्या संडासाला दांडा लागला.

घरी येणारा माणूस खरा फिजिओथेरपिस्ट आहे हे कसं ओळखायचं?

फिजिओथेरपीची डिग्री असते आणि महाराष्ट्राच्या ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो. मागा, राग येत नाही कोणाला. फी पहिल्याच दिवशी ठरवा, पेट्रोल धरून की वेगळं ते पण. पहिल्या दिवशी जुने कागद न बघता, बीपी न मोजता, काही न विचारता सरळ हातपाय ओढायला लागला तर चहा पाजून परत पाठवा.

सून आहे, पुरुष थेरपिस्ट आला तर?

घरातली एक बाई खोलीत थांबलीच पाहिजे, आणि हात लावायच्या आधी त्यानं सुनेला विचारलं पाहिजे, सासऱ्याला नाही. व्यायामाचा व्हिडिओ काढला तर तो गावच्या ग्रुपवर जाणार नाही हे पण बघा.

कधी थांबायचं?

छातीत दुखलं, चक्कर आली, फिट आली, दम इतका लागला की वाक्य पूर्ण होत नाही, तर लगेच. व्यायाम करताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये एवढा दम ठीक. जेवल्या जेवल्या करू नका, तास-दीड तास जाऊ द्या.

ते करतच नाहीत हो, भिंतीकडं तोंड करून झोपून राहतात.

आधी त्यांना आळशी म्हणणं थांबवा. लकव्यानंतर उदासी येणं फार कॉमन आहे, त्याला औषध असते, डॉक्टरांना सांगा. आणि कधीकधी कारण वेगळंच निघते. एका घरी पोरगं व्यायामाला उठायचंच नाही, मी खूप समजावलं, शेवटी कळलं की व्यायाम घ्यायची वेळ आणि त्याचे दोस्त ग्राउंडवरून परत जायची वेळ एकच, आणि त्याला त्यांच्यासमोर धडपडायचं नव्हतं. वेळ बदलली, झालं.

पावसाळ्यात नाल्याला पूर आला, तुम्ही येऊ शकल्या नाही तर?

व्हिडिओ कॉल करा. फोन हातात धरू नका, सगळं हलते, डब्याला टेकवून तख्तापासून पाच-सहा फुटांवर ठेवा आणि समोरून न दाखवता बाजूनं दाखवा, मला गुडघा आणि कंबर एकाच वेळी दिसली पाहिजे. पेशंटच्या पायजम्याचा पाय गुडघ्यापर्यंत वर करा. नेटवर्क फक्त आंब्याच्या झाडाखाली येत असेल तर तिथून व्हिडिओ काढून पाठवा, मी रात्री पाहते. आणि कॉल चालू असताना कूलर बंद करा, त्या घरघरीत मला तुमचं एक अक्षर ऐकू येत नाही.